आयपॅडची उत्पादनश्रेणी

आयपॅडची उत्पादनश्रेणी म्हणजे ॲपल या अमेरिकन कंपनीने एका वेळी विक्रीस ठेवलेल्या आयपॅड या टॅब्लेट संगणकाच्या सर्व मॉडेलांचा समूह होय. इ.स. २०१० मध्ये एकाच मॉडेलने सुरू झालेली ही श्रेणी २०२५ च्या अखेरीस आयपॅड, आयपॅड मिनी, आयपॅड एअर आणि आयपॅड प्रो अशा चार शाखांत विभागलेली होती. एअर आणि प्रो हे प्रत्येकी दोन आकारांत मिळत असल्याने ग्राहकापुढे सहा यंत्रे येतात. साठवण क्षमता, मोबाइल जोडणी, रंग आणि पडद्याची काच यांतील पर्याय धरले तर विक्रीप्रकारांची संख्या १६० होते. इतके पर्याय ग्राहकाच्या सोयीचे आहेत की गोंधळाचे, हा प्रश्न या श्रेणीविषयी वारंवार उपस्थित होतो. ग्राहकवर्तनाच्या अभ्यासात ‘पर्यायांचा अतिभार’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संकल्पनेचे हे एक सहज तपासता येण्याजोगे उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

उत्पादनांची संख्या मर्यादित ठेवण्याशी ॲपलचे नाव जोडले जाते, ते प्रामुख्याने १९९७ नंतरच्या घडामोडींमुळे. त्या वर्षी सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्स कंपनीत परतले तेव्हा मॅकिंटॉश संगणकांची अनेक मॉडेले एकाच वेळी बाजारात होती. परफॉर्मा या मालिकेतील बरीच यंत्रे एकमेकांपासून जेमतेम वेगळी होती आणि त्यांची नावे मुख्यतः क्रमांकांची होती. जॉब्स यांनी दोन स्तंभ आणि दोन ओळींचा एक तक्ता मांडला. स्तंभ ‘सामान्य ग्राहक’ आणि ‘व्यावसायिक’ असे होते, तर ओळी ‘मेजावरील’ आणि ‘सोबत नेता येणारा’ अशा होत्या. प्रत्येक चौकोनात एकच संगणक असावा, असे धोरण ठरले. १९९८ चा आयमॅक आणि १९९९ चा आयबुक ही या तक्त्यातील सामान्य ग्राहकांसाठीची यंत्रे होत.

आयपॅडच्या आजच्या श्रेणीवर टीका करताना बहुधा याच तक्त्याचा आधार घेतला जातो. मात्र तो तक्ता आर्थिक अडचणीत सापडलेल्या आणि मुख्यतः एकाच प्रकारचे उत्पादन विकणाऱ्या कंपनीचा होता. अनेक देशांत, अनेक वयोगटांत आणि अनेक किंमतपट्ट्यांत विकल्या जाणाऱ्या उत्पादनाला तोच निकष जसाच्या तसा लागू होतो का, हा वादाचा एक भाग आहे.

इतिहास

एका मॉडेलचा काळ (२०१०–२०११)

पहिला आयपॅड २७ जानेवारी २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे सादर झाला आणि ३ एप्रिल २०१० पासून अमेरिकेत विक्रीस आला. त्याचा पडदा ९.७ इंचांचा होता. १६, ३२ आणि ६४ गिगाबाइट या तीन क्षमता, आणि प्रत्येक क्षमतेत केवळ वाय-फाय किंवा वाय-फायसह थ्रीजी अशी जोडणी, एवढीच निवड ग्राहकाला करायची होती. म्हणजे एकूण सहा विक्रीप्रकार होते. भारतात हा आयपॅड जानेवारी २०११ च्या अखेरीस, २७,९०० रुपयांपासून उपलब्ध झाला.

मार्च २०११ मध्ये आलेल्या आयपॅड २ मध्ये काळा आणि पांढरा असे दोन रंग आले. अमेरिकेतील मोबाइल जाळ्यांच्या दोन तंत्रपद्धतींसाठी थ्रीजीची दोन वेगळी यंत्रेही करण्यात आली. त्यामुळे मॉडेल एकच राहूनही विक्रीप्रकार अठरा झाले.

शाखाविस्तार (२०१२–२०१६)

मार्च २०१२ मध्ये तिसऱ्या पिढीचा आयपॅड आला, तेव्हा आयपॅड २ बंद न करता ३९९ डॉलरला विक्रीत ठेवण्यात आला. नव्या यंत्राबरोबर जुने यंत्र स्वस्तात विकण्याची प्रथा येथून सुरू झाली. त्याच वर्षी २३ ऑक्टोबर रोजी ७.९ इंचांचा आयपॅड मिनी आणि चौथ्या पिढीचा आयपॅड सादर झाला. तिसऱ्या पिढीला तेव्हा जेमतेम सात महिने झाले होते. २०१३ मध्ये आयपॅड एअर आणि अधिक सुस्पष्ट पडद्याचा मिनी आल्यानंतरही २०११ चा आयपॅड २ काही महिने विक्रीत होता.

नोव्हेंबर २०१५ मध्ये १२.९ इंचांचा आयपॅड प्रो विक्रीस आला. त्याच्याबरोबर ॲपल पेन्सिल आणि चुंबकीय जोडणीचा कळफलक ही स्वतंत्रपणे विकली जाणारी उपसाधने आली. येथून पुढे आयपॅड निवडण्याबरोबर त्याला चालणारे उपसाधन निवडणे हाही खरेदीचा भाग झाला.

नावांची फेररचना (२०१७–२०२१)

मार्च २०१७ मध्ये ३२९ डॉलर किमतीचा साधा ‘आयपॅड’ परत आणण्यात आला आणि एअर हे नाव दोन वर्षे बाजूला पडले. २०१८ च्या साध्या आयपॅडला पेन्सिलची सोय मिळाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या आयपॅड प्रोने यूएसबी-सी जोडणी आणि दुसऱ्या पिढीची पेन्सिल स्वीकारली. मार्च २०१९ मध्ये एअर हे नाव मधल्या किमतीच्या यंत्रासाठी पुन्हा वापरात आले आणि बंद पडल्यासारखा वाटणारा मिनीही नव्याने सादर झाला. आजच्या चार शाखांचा आराखडा तेव्हापासून स्थिर आहे. यूएसबी-सी जोडणी मात्र सर्व शाखांत एकाच वेळी आली नाही. एअरला ती २०२० मध्ये, मिनीला २०२१ मध्ये आणि साध्या आयपॅडला २०२२ मध्ये मिळाली.

२०२२ नंतर

१८ ऑक्टोबर २०२२ रोजी सादर झालेला दहाव्या पिढीचा आयपॅड हा या वादातील एक महत्त्वाचा टप्पा ठरला. त्याला यूएसबी-सी जोडणी होती, परंतु तो पहिल्या पिढीची पेन्सिलच स्वीकारत असे आणि त्या पेन्सिलीचे टोक जुन्या लाइटनिंग पद्धतीचे होते. त्यामुळे पेन्सिल जोडण्यासाठी मध्ये एक छोटा जोडक वापरावा लागे. नवव्या पिढीचा आयपॅडही स्वस्त पर्याय म्हणून विक्रीत राहिला. परिणामी ‘आयपॅड’ या एकाच नावाची, वेगवेगळ्या जोडणीची आणि वेगवेगळ्या बांधणीची दोन यंत्रे शेजारी शेजारी विकली जात होती.

२०२३ या वर्षात एकही नवा आयपॅड आला नाही. २०१० पासून असे प्रथमच घडले. ७ मे २०२४ रोजी श्रेणीची आवराआवर झाली. नवव्या पिढीचा आयपॅड बंद झाला, दहाव्या पिढीची किंमत अमेरिकेत ४४९ वरून ३४९ डॉलरवर आणि भारतात ३४,९०० रुपयांवर आली. एअर प्रथमच ११ आणि १३ इंच अशा दोन आकारांत देण्यात आला. म्हणजे एका शाखेतील दुहेरी निवड संपली आणि दुसरीत नवी सुरू झाली. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये नवा मिनी, मार्च २०२५ मध्ये नवा साधा आयपॅड व एअर आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एम५ चिपचा प्रो सादर झाला.

श्रेणीची रचना (२०२५ अखेर)

भारतातील अधिकृत प्रारंभिक किमतींसह सहा यंत्रे पुढीलप्रमाणे होती:

• आयपॅड (ए१६ चिप), ११ इंची – ३४,९०० रुपये
• आयपॅड मिनी (ए१७ प्रो चिप), ८.३ इंची – ४९,९०० रुपये
• आयपॅड एअर (एम३ चिप), ११ इंची – ५९,९०० रुपये
• आयपॅड एअर (एम३ चिप), १३ इंची – ७९,९०० रुपये
• आयपॅड प्रो (एम५ चिप), ११ इंची – ९९,९०० रुपये
• आयपॅड प्रो (एम५ चिप), १३ इंची – १,२९,९०० रुपये

विक्रीप्रकारांची मोजणी

साधा आयपॅड तीन क्षमता, दोन जोडण्या आणि चार रंग यांमुळे २४ प्रकारांत मिळतो. मिनीचेही तेवढेच, म्हणजे २४ प्रकार होतात. एअरचे दोन आकार, चार क्षमता, दोन जोडण्या आणि चार रंग मिळून ६४ प्रकार होतात. प्रोचे दोन आकार, चार क्षमता, दोन जोडण्या आणि दोन रंग मिळून ३२ होतात. १ आणि २ टेराबाइट क्षमतेच्या यंत्रांना प्रकाशाचे परावर्तन कमी करणारी विशेष काच घेता येत असल्याने त्यात आणखी १६ मिळून ४८ होतात. या सर्वांची बेरीज १६० येते. २०१० मधील सहा प्रकारांच्या तुलनेत ही वाढ सव्वीसपटींहून अधिक आहे.

ही संख्या मोठी दिसली तरी ग्राहक १६० वस्तूंची तुलना करत नाही. तो यंत्र, आकार, क्षमता, जोडणी आणि रंग असे एकामागून एक पाच-सहा निर्णय घेतो. रंगाचा निर्णय सोपा असतो, कारण तो पाहून होतो आणि त्यात चूक झाली तरी कामात अडथळा येत नाही. खरी अडचण यंत्र आणि क्षमता निवडताना येते, कारण या दोन निर्णयांत असे अनेक फरक दडलेले असतात जे नावावरून कळत नाहीत.

नावावरून न कळणारे फरक

साधा आयपॅड आणि ११ इंची एअर यांच्या पडद्यांचा आकार सारखाच दिसतो. परंतु साध्या आयपॅडमध्ये काच आणि पडदा एकमेकांना चिकटवलेले नाहीत व परावर्तनरोधक लेपही नाही, त्यामुळे पेन्सिलने लिहिताना टोक आणि रेषा यांत किंचित अंतर भासते. कंपनीची ‘ॲपल इंटेलिजन्स’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेची सुविधा साध्या आयपॅडवर चालत नाही. आकाराने त्याहून लहान असलेल्या मिनीवर मात्र चालते. चेहरा ओळखून कुलूप उघडण्याची सोय फक्त प्रोमध्ये आहे, इतरांत वरच्या बटणावर बोट ठेवावे लागते.

प्रोमध्ये क्षमतेचा पर्याय केवळ साठवणुकीचा नसतो. २५६ आणि ५१२ गिगाबाइटच्या यंत्रांत १२ गिगाबाइट स्मृती आणि नऊ गाभ्यांची चिप असते, तर १ आणि २ टेराबाइटच्या यंत्रांत १६ गिगाबाइट स्मृती आणि दहा गाभ्यांची चिप असते. म्हणजे अधिक जागा घेणाऱ्याला न मागता वेगळी चिप मिळते, आणि फक्त वेगवान चिप हवी असणाऱ्याला जागेचेही पैसे मोजावे लागतात.

‘एअर’ या नावातून हलकेपणा सूचित होतो. प्रत्यक्षात १३ इंची एअरचे वजन सुमारे ६१६ ग्रॅम, तर १३ इंची प्रोचे ५७९ ग्रॅम आहे. प्रोची जाडीही एअरपेक्षा कमी आहे. २०१३ मध्ये वजनावरून पडलेले हे नाव आता केवळ मधल्या किमतीची खूण म्हणून उरले आहे.

उपसाधनांची सुसंगतता

मे २०२४ पासून ॲपलच्या विक्रीत चार पेन्सिली होत्या. त्यांचे नियम असे:

• पहिली पिढी (२०१५): लाइटनिंग जोडणीच्या आयपॅडांसाठी, यूएसबी-सी असलेल्या साध्या आयपॅडवर जोडकाच्या साहाय्याने.
• दुसरी पिढी (२०१८): २०१८ ते २०२२ मधील प्रो, २०२० व २०२२ चे एअर आणि २०२१ च्या मिनीसाठी.
• यूएसबी-सी पेन्सिल (२०२३): यूएसबी-सी असलेल्या सर्व आयपॅडांसाठी, मात्र तिला दाबानुसार रेषा जाड-बारीक करता येत नाही.
• पेन्सिल प्रो (२०२४): २०२४ पासूनचे प्रो व एअर आणि त्या वर्षीच्या मिनीसाठी.

यामुळे २०२२ चा प्रो विकून २०२४ चा प्रो घेणाऱ्याला जुनी पेन्सिल वापरता येत नाही. साध्या आयपॅडवर दाबाची संवेदना असलेली पेन्सिल हवी असेल, तर २०१५ ची पेन्सिल आणि जोडक घ्यावा लागतो. कळफलकांचीही स्थिती अशीच आहे. साधा आयपॅड, एअर आणि प्रो यांना वेगवेगळे कळफलक लागतात आणि मिनीसाठी ॲपलचा जोडकळफलक नाही. शाखांची संख्या चारच असली तरी यंत्र आणि उपसाधन यांची जोडी लावताना चूक होण्याची शक्यता बरीच वाढते.

किंमतींची शिडी

श्रेणीतील यंत्रांच्या किमती एकमेकींत गुंतलेल्या आहेत. अमेरिकेत १२८ गिगाबाइटचा साधा आयपॅड ३४९ डॉलरला मिळतो. त्यालाच मोबाइल जोडणी घेतली की किंमत ४९९ डॉलर, म्हणजे मिनीच्या प्रारंभिक किमतीइतकी होते. मोबाइल जोडणीसह २५६ गिगाबाइट घेतल्यास ५९९ डॉलर, म्हणजे एअरच्या प्रारंभिक किमतीइतकी होते. केवळ क्षमता ५१२ गिगाबाइटपर्यंत वाढवली तर ६४९ डॉलर होतात आणि एअर त्याहून स्वस्त ठरतो. अशा रीतीने प्रत्येक पायरीवर थोडे अधिक दिल्यास वरचे यंत्र मिळेल, अशी तुलना ग्राहकापुढे उभी राहते.

विपणनशास्त्रात या परिणामाचा अभ्यास झाला आहे. जोएल ह्यूबर, जॉन पेन आणि क्रिस्टोफर पुटो यांनी १९८२ मध्ये दाखवून दिले की, एखाद्या पर्यायापेक्षा स्पष्टपणे कमी दर्जाचा तिसरा पर्याय यादीत आला की त्या पहिल्या पर्यायाची निवड वाढते. इतमार सिमनसन यांनी १९८९ मध्ये ‘मध्यम पर्यायाचे आकर्षण’ मांडले: दोन टोके समोर असली की अनेकांना मधला पर्याय योग्य वाटतो. त्यामुळे लांब शिडीचा लाभ विक्रेत्याला मिळू शकतो. अमुक एक पायरी त्याच हेतूने ठेवली आहे, असे मात्र केवळ किमतींवरून सिद्ध होत नाही.

पर्यायांच्या अतिभाराविषयी संशोधन

पर्याय वाढले की निवड अवघड होते, या मताला प्रसिद्धी मिळाली ती शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांच्या २००० मधील शोधनिबंधामुळे. कॅलिफोर्नियातील एका किराणा दुकानात त्यांनी जॅमच्या नमुन्यांचे मेज मांडले. मेजावर २४ प्रकार असताना सुमारे ६० टक्के ग्राहक थांबले, पण थांबलेल्यांपैकी केवळ ३ टक्क्यांनी जॅम विकत घेतला. सहा प्रकार असताना सुमारे ४० टक्के थांबले आणि त्यांपैकी ३० टक्क्यांनी खरेदी केली. २००४ मध्ये बॅरी श्वार्ट्झ यांनी ‘द पॅराडॉक्स ऑफ चॉइस’ या पुस्तकातून ही कल्पना सामान्य वाचकांपर्यंत नेली.

नंतरच्या संशोधनाने या निष्कर्षाला मर्यादा घातल्या. २०१० मध्ये बेंजामिन शायबेहेन व सहकाऱ्यांनी ५० प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा सरासरी परिणाम जवळपास शून्य आढळला. काही प्रयोगांत अधिक पर्याय तापदायक ठरले होते, तर काहींत उपयुक्त. २०१५ मध्ये अलेक्झांडर चेर्नेव्ह व सहकाऱ्यांनी ९९ निरीक्षणांच्या आधारे हा अतिभार कोणत्या परिस्थितीत जाणवतो ते तपासले. पर्यायांची गुंतागुंत, निर्णयाची कठीणता, स्वतःला काय हवे याविषयीची अनिश्चितता आणि निर्णयामागील उद्देश हे चार घटक त्यांनी निश्चित केले. पर्यायांची निव्वळ संख्या हे त्याचे पुरेसे स्पष्टीकरण नव्हते.

हे चार घटक आयपॅडला लावले तर वादातील दोन्ही बाजू एकमेकींना का पटत नाहीत, हे कळते. आपल्याला नेमके काय हवे ते ठाऊक असलेल्या चित्रकाराला किंवा ध्वनिचित्रफितींचे संकलन करणाऱ्याला ही श्रेणी अडचणीची ठरत नाही. त्याच्या दृष्टीने सहापैकी चार यंत्रे आधीच वगळलेली असतात. पहिल्यांदाच टॅब्लेट घेणाऱ्या, वापर निश्चित नसलेल्या ग्राहकाला मात्र तीच श्रेणी कठीण जाते.

वादातील भूमिका

श्रेणीचे समर्थन

समर्थनाचा पहिला मुद्दा वापराच्या वैविध्याचा आहे. शाळकरी मूल, वैमानिक, डॉक्टर, चित्रकार आणि घरी बसून चित्रपट पाहणारी व्यक्ती यांच्या गरजा एका यंत्रात बसत नाहीत. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग यंत्रांच्या किमतींत जवळपास चौपट अंतर आहे, आणि ते एका-दोन मॉडेलांनी भरून निघणार नाही.

दुसरा मुद्दा प्रणालीचा आहे. सर्व शाखांवर आयपॅडओएस ही एकच प्रणाली चालते आणि मराठी कळफलकासह बहुतेक मूलभूत सुविधा सर्वांवर सारख्या मिळतात. २०२२ मध्ये आलेली ‘स्टेज मॅनेजर’ ही अनेक खिडक्या हाताळण्याची सुविधा केवळ काही महागड्या यंत्रांपुरती होती. २०२५ च्या आयपॅडओएस २६ मध्ये मात्र खिडक्यांची नवी रचना साध्या आयपॅडवर आणि मिनीवरही देण्यात आली. म्हणजे स्वस्त यंत्र घेतल्याने होणारा तोटा प्रणालीच्या बाबतीत काही अंशी कमी झाला.

तिसरा मुद्दा विक्रीच्या इतिहासाचा आहे. २०१३ च्या आर्थिक वर्षात सुमारे ७.१ कोटी आयपॅड विकले गेले. २०१७ मध्ये ही संख्या सुमारे ४.३७ कोटींवर आली होती. नगांची संख्या जाहीर करण्याची पद्धत कंपनीने २०१८ मध्ये बंद केली. आयपॅडचे उत्पन्न मात्र २०२१ च्या आर्थिक वर्षात पुन्हा सुमारे ३१.९ अब्ज डॉलरपर्यंत, म्हणजे जवळपास २०१३ च्या पातळीवर पोहोचले. महाग आणि स्वस्त अशा दोन्ही टोकांना वाढलेल्या श्रेणीकडे या संदर्भात पाहिले जाते. मात्र त्या काळात करोना साथीमुळे घरून काम आणि शिक्षण वाढले होते, त्यामुळे या वाढीचे सर्व श्रेय श्रेणीच्या रचनेला देता येत नाही. २०२४ मध्ये उत्पन्न सुमारे २६.७ अब्ज डॉलर होते.

श्रेणीवरील टीका

टीकेचा मुख्य रोख संख्येपेक्षा विसंगतीवर आहे. पायरी वर चढताना प्रत्येक गुण वाढत जावा, अशी ग्राहकाची स्वाभाविक अपेक्षा असते. आयपॅडच्या श्रेणीत ती अनेकदा मोडते. मिनी साध्या आयपॅडपेक्षा महाग पण लहान आहे. एअर प्रोपेक्षा स्वस्त पण जड आहे. यूएसबी-सी पेन्सिल नवी असूनही पहिल्या पेन्सिलीतील दाबाची संवेदना तिच्यात नाही.

दुसरा आक्षेप असा की, श्रेणी समजून घेण्याचे काम ग्राहकावर येऊन पडते. चुकीची पेन्सिल किंवा अपुरी क्षमता घेतल्याचे बहुधा खरेदीनंतर लक्षात येते, आणि आयपॅडची साठवण क्षमता नंतर वाढवता येत नाही. अशा चुकीची झळ सर्वांना सारखी बसत नाही. ज्यांच्यासाठी टॅब्लेट ही वर्षानुवर्षांतून एकदा होणारी खरेदी आहे, त्यांना ती अधिक बसते.

इतर उत्पादकांशी तुलना

अनेक मॉडेले ठेवणारी ॲपल ही एकमेव कंपनी नाही. सॅमसंगने २०२३ मध्ये गॅलेक्सी टॅब एस९, एस९ प्लस, एस९ अल्ट्रा, एस९ एफई, एस९ एफई प्लस, ए९ आणि ए९ प्लस अशी सात यंत्रे आणली. पुढच्या वर्षीच्या एस१० मालिकेत मूळ आकाराचे यंत्र वगळून सुरुवातीस प्लस आणि अल्ट्रा ही दोनच ठेवण्यात आली. ॲमेझॉनच्या फायर टॅब्लेटांची नावे पडद्याच्या आकारावरून असल्याने त्यांचा क्रम ओळखणे तुलनेने सोपे जाते. सॅमसंगचे वरच्या श्रेणीतील टॅब्लेट पेनसह विकले जातात. त्यामुळे मॉडेले अधिक असूनही उपसाधन जुळवण्याचा एक निर्णय कमी होतो. यावरून मॉडेलांची संख्या आणि ग्राहकाला घ्यावे लागणारे निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे स्पष्ट होते.

महाराष्ट्रातील संदर्भ

विक्रीव्यवस्था

ॲपलचे भारतातील अधिकृत ऑनलाइन दालन २३ सप्टेंबर २०२० रोजी सुरू झाले. कंपनीचे देशातील पहिले स्वतःचे दुकान १८ एप्रिल २०२३ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आणि पुण्यातील दुकान सप्टेंबर २०२५ मध्ये कोरेगाव पार्क येथे उघडले. नागपूरसारख्या शहरांत आयपॅड मुख्यत्वे अधिकृत विक्रेते, उपकरणांची साखळी दुकाने आणि ऑनलाइन बाजार यांच्यामार्फत मिळतो.

या व्यवस्थेत पर्यायांच्या प्रश्नाला वेगळे रूप येते. सिव्हिल लाइन्सला लागून असलेला सदर किंवा सीताबर्डी अशा बाजारभागातील कोणत्याही दुकानदाराला १६० प्रकार साठवून ठेवणे परवडणारे नसते. भांडवल अडकून पडू नये म्हणून तो अधिक खपणाऱ्या क्षमता आणि रंगच ठेवतो. त्यामुळे ग्राहकाला संकेतस्थळावर पर्यायांची गर्दी दिसते आणि दुकानात त्यांची टंचाई. हवा तो प्रकार मागवून घेण्याऐवजी समोर असलेला घेतला, तर ती निवड गरजेपेक्षा साठ्यावरून ठरते. बँकांच्या सवलती, मासिक हप्ते आणि विद्यार्थ्यांसाठीची सूट यांमुळे दोन यंत्रांतील प्रत्यक्ष अंतर आणखी बदलते. दुसरीकडे, यंत्र हातात घेऊन पाहता येत असल्याने वजन, पडदा आणि पेन्सिलीचा अनुभव यांतील फरक तक्त्यापेक्षा दुकानातच लवकर कळतात.

एकाच टॅब्लेटचे धोरण

पर्यायांच्या दुसऱ्या टोकाचा अनुभवही महाराष्ट्राशी जोडलेला आहे. केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी ५ ऑक्टोबर २०११ रोजी सादर केलेला ‘आकाश’ हा डेटाविंड कंपनीचा टॅब्लेट सर्वांसाठी एकच, अत्यंत स्वस्त मॉडेल या कल्पनेवर उभा होता. पहिल्या आवृत्तीची संथ गती आणि स्पर्शाला नीट प्रतिसाद न देणारा पडदा यांवर टीका झाली. २०१२ मध्ये प्रकल्पाची जबाबदारी मुंबईतील पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेकडे आली आणि प्राध्यापक दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली त्यावर काम झाले. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी आलेल्या आकाश २ ची खरेदी किंमत २,२६३ रुपये होती आणि अनुदानानंतर तो विद्यार्थ्यांना १,१३० रुपयांत देण्याचे ठरले होते. या प्रकल्पात निवडीचा गोंधळ नव्हता. पण ते एकमेव यंत्र अपुरे पडले तर दुसरा पर्यायही नव्हता.

नागपूर येथे मुख्यालय असलेली महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था (महाज्योती) इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटी या प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी मोफत टॅब्लेट आणि दररोज ६ गिगाबाइट इंटरनेट देते. येथे विद्यार्थ्याने यंत्र निवडायचे नसते. वापर ठरलेला आहे – ऑनलाइन वर्ग आणि सराव – आणि निवडीची जबाबदारी संस्थेने घेतलेली आहे. पर्याय कमी असल्याने नव्हे, तर उद्देश निश्चित असल्याने निर्णय सोपा होतो, या चेर्नेव्ह व सहकाऱ्यांच्या निष्कर्षाशी हे सुसंगत आहे.

मूल्यमापन

सहा प्रकारांपासून १६० प्रकारांपर्यंतचा आयपॅडचा प्रवास ‘पर्याय फार झाले’ या तक्रारीला वरकरणी दुजोरा देतो. तथापि उपलब्ध संशोधन आणि श्रेणीची प्रत्यक्ष रचना पाहता, संख्येपेक्षा फरकांची मांडणी अधिक निर्णायक दिसते. रंग किंवा आकार वाढल्याने ग्राहक फारसा अडखळत नाही. साठवणुकीबरोबर चिप बदलणे, एका नावाची दोन यंत्रे एकाच वेळी विकणे, नावाचा अर्थ उलटा ठरणे आणि उपसाधनांचे नियम यंत्रागणिक वेगळे असणे, या गोष्टी त्याला अडचणीच्या ठरतात. यांतील काही विसंगती २०२४ आणि २०२५ मध्ये दूर झाल्या: साध्या आयपॅडचे एकच मॉडेल उरले, सर्व यंत्रांना यूएसबी-सी जोडणी आली आणि खिडक्यांची सुविधा सर्व शाखांना मिळाली. पेन्सिल आणि कळफलक यांच्या सुसंगततेचा प्रश्न मात्र २०२५ च्या अखेरीसही कायम होता.

हेही पहा

• टॅब्लेट संगणक
• आयपॅडओएस
• आकाश (टॅब्लेट)
• महाज्योती
• ग्राहकवर्तन
• सदर, नागपूर